पीसी वॉटर कूलिंगसाठी प्लास्टिक कसं निवडाल: मुंबईत भाग बनवून घेणाऱ्या नवख्यांसाठी

पीसीत पाणी फिरवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘गळणार तर नाही ना?’ आणि मग माणूस जाडजूड प्लास्टिक शोधायला लागतो. पण लूपमधला, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद मार्गातला, दाब अगदी किरकोळ असतो. डी-५ सारखा ताकदवान पंपही पाणी जेमतेम चारेक मीटर उंच चढवतो, म्हणजे दाब ०.४ बारच्या आसपास. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला याच्या तिप्पट दाब येतो. एवढ्याने ॲक्रिलिक फुटत नाही. ते फुटतं फिटिंग (नळी भागाला जोडणारा आटेवाला तुकडा) पान्याने आवळल्यामुळे, नको त्या रसायनाने पुसल्यामुळे आणि वरून उष्णता चढल्यामुळे. बहुतेकदा तिन्हींचा हातभार लागतो, आणि तडा दिसतो काही आठवड्यांनी, जेव्हा आपण नेमकं काय केलं होतं ते आठवतही नाही.

हा लेख अशांसाठी, ज्यांना रिझर्व्हॉयर (पाण्याची छोटी टाकी), ब्लॉकचं (चिपवर बसून तिची उष्णता पाण्याला देणारा भाग) वरचं झाकण किंवा डिस्ट्रो प्लेट (आत पाण्याचे मार्ग कोरलेली प्लेट) इथेच मुंबईत बनवून घ्यायची आहे. ज्यांनी सगळं तयार किट घेतलंय त्यांनी पहिली पायरी वाचून थेट सातवीवर उडी मारली तरी चालेल. आणि एक आधीच सांगतो: ब्लॉकचा तांब्याचा तळ विकतच घ्या. त्याच्यावरच्या केसाएवढ्या बारीक खाचा साध्या वर्कशॉपमध्ये होत नाहीत.

१. आधी खोलीचं तापमान बघा

नेटवरचे बहुतेक सल्ले २०-२२ अंशांच्या खोलीत बसून दिलेले असतात. तिथे गेम खेळताना लूपमधलं पाणी ३०-३५ अंशांवर स्थिरावतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेरच ३३-३४ अंश असतात. रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारी जाळी) किती मोठा आहे त्यानुसार पाणी खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंश वर राहतं. म्हणजे एसी नसलेल्या खोलीत पाणी ४५ ते ५० अंश धरून चालायचं. ‘मी एसी लावूनच खेळतो’ म्हणणारे रात्री एसी बंद करून रेंडर लावून झोपतात, तेव्हा त्यांनीही हाच आकडा धरावा.

डी-५ पंपालाच पाण्याची कमाल मर्यादा ६० अंशांची आहे. म्हणून भाग निवडताना माझा साधा नियम असा: ६० अंशांच्या पाण्यात आवळलेल्या अवस्थेत जे प्लास्टिक महिनोन्महिने आकार सोडत नाही, तेच लूपमध्ये. बाकीचं बाहेर.

२. कुठल्या भागाला काय सोसायचंय ते लिहून काढा

एका कागदावर प्रत्येक भागापुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा. पाणी सतत लागणार का? त्यात आटे पाडायचेत का? स्क्रूने दाबून बसवायचा आहे का? आतलं दिसायला हवं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ॲक्रिलिक, ‘नाही’ असेल तर ॲसिटल (दोघांची ओळख पुढच्या पायरीत). नव्वद टक्के निवड इथेच संपते. उरलेलं सगळं हे ठरलेलं प्लास्टिक खरंखुरं मिळवण्याबद्दल आणि ते न फोडण्याबद्दल आहे.

पंपाचं माउंट, केबल धरणारे क्लिप, रेडिएटरचा आधार अशा कोरड्या भागांना नियम सैल करता येतात. तरी थ्रीडी प्रिंटवाला पीएलए देऊ लागला तर नको म्हणा. पीएलए ५५-६० अंशांना मऊ पडतो, आणि वजन लटकलेलं असेल तर त्याच्या आधीच वाकायला लागतो. केसच्या आतली हवा उन्हाळ्यात तिथपासून फार लांब नसते. एबीएस किंवा एएसए मागा. पाणी वाहून नेणारा भाग मात्र प्रिंट करू नका, मटेरियल कुठलंही असो. थरांमधून पाणी झिरपतं, आणि ते लगेच दिसत नाही हीच त्यातली गोम.

३. प्लास्टिकांची ओळख करून घ्या

ॲक्रिलिक, म्हणजे पीएमएमए. काचेसारखं स्वच्छ, सुमारे १०५ अंशांना मऊ पडतं, पाणी फार शोषत नाही, उन्हाने पिवळंही पडत नाही. दोष एकच, पण मोठा: ते ठिसूळ आहे आणि ताणात असताना अल्कोहोल लागलं की आतून बारीक चिरा पडतात. ॲक्रिलिकमध्ये दोन प्रकार येतात, कास्ट आणि एक्स्ट्रूडेड. मशीनिंगसाठी कास्टच घ्या. एक्स्ट्रूडेड शीट बनतानाच तिच्यात ताण अडकलेला असतो. भोक पाडताना ती वितळून ड्रिलला चिकटते आणि आट्यांपाशी लवकर तडकते. ड्रिलखालचा भुसा बघितला तरी कळतं: कास्टचा चुरा सुटा पडतो, एक्स्ट्रूडेडचे चिकट धागे निघतात.

कास्टची एक खोड माहीत असू द्या. तिची जाडी एकसारखी नसते. १० मिमी म्हणून घेतलेली शीट वर्निअरने एका कोपऱ्यात साडेनऊच्याही खाली भरू शकते. ओ-रिंगवर (पाणी अडवणारी रबरी कडी) बसणारी बाजू म्हणून मशीनवर सपाट करून घ्यावी लागते. ड्रॉइंग करताना एवढं मटेरियल जाणार हे धरून ठेवा.

ॲसिटल, म्हणजे पीओएम. बाजारात याला सरसकट ‘डेलरिन’ म्हणतात. खरं तर ते ड्यूपाँटने आणलेलं ब्रँडचं नाव. काळं किंवा दुधी पांढरं, हाताला किंचित गुळगुळीत, पाणी जवळजवळ शोषत नाही, आटे सुंदर पडतात आणि घट्ट आवळलं तरी ॲक्रिलिकसारखं चटकन तडकत नाही. नवख्याने पहिला भाग ॲसिटलचाच करावा असं माझं ठाम मत आहे. आरजीबी दिव्यांचा मोह मग पुढच्या भागात पुरवा.

ॲसिटलच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. ते कशानेही धड चिकटत नाही, म्हणून जोड नेहमी स्क्रू आणि ओ-रिंगचा. दुसरं, त्याचे होमोपॉलिमर आणि कोपॉलिमर असे दोन प्रकार असतात. होमोपॉलिमरच्या जाड रॉडच्या मधोमध बारीक पोकळ रेघ असू शकते, आणि पाण्याचा मार्ग नेमका तिथून काढला तर ती झिरपते. म्हणून ‘पीओएम-सी’ मागा, किंवा निदान रॉडच्या केंद्रातून भोक जाणार नाही असं ड्रॉइंग करा. तिसरं, याला क्लोरीन आवडत नाही. लूप ‘निर्जंतुक’ करायला ब्लीच फिरवण्याचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

पॉलिकार्बोनेट. हातोडा मारला तरी फुटत नाही, त्यामुळे ‘मग हेच का नको?’ हा प्रश्न हमखास येतो. बाल्कनीवरच्या छपराला ते उत्तम. पण गरम पाण्यात दीर्घकाळ राहिलं की त्याची साखळी तुटत जाते, आणि आट्यांच्या ताणात अल्कोहोल, अमोनिया, अल्कली यांना ते लवकर शरण जातं. धक्का सोसण्याची त्याची ताकद आपल्याला उपयोगाची नाही. लूपला धक्के बसत नाहीत, सततचा ताण बसतो.

पीईटीजी. नळ्यांमध्ये भेटेल, तिथेच बोलू.

नायलॉन. स्वस्त, मजबूत, आणि पाणी पिणारा. नायलॉन-६ पाण्यात बुडवून ठेवला तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी घेतो आणि फुगतो. म्हणजे आज बरोबर बसलेली ओ-रिंगची खाच काही आठवड्यांनी बदललेली असते. गाडीच्या रेडिएटरच्या टाक्या नायलॉनच्याच असतात हे खरं, पण त्या काचेचे तंतू मिसळून आणि फुगणं हिशोबात धरून बनवलेल्या असतात. आपल्या रॉडचं तसं नाही.

पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई यांना रसायनांचं काही वाटत नाही, पण ती मऊ आहेत. दाबाखाली हळूहळू सरकतात आणि सील सैल पडतं. किचनमधला चॉपिंग बोर्ड कापून रिझर्व्हॉयर करणारे उत्साही भेटतात. करू द्या त्यांना.

४. बाजार: कुठे जायचं आणि दिलेलं तपासायचं कसं

कॉम्प्युटरचे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण तिथे प्लास्टिक शोधू नका. प्लास्टिकचे रॉड आणि ब्लॉक, ओ-रिंग, टॅप (आटे पाडायचं हत्यार) यासाठी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्या धुंडाळा. हे आठवड्याच्या दिवशी करायचं काम आहे. रविवारी तिकडे बहुतेक शटर खाली असतात. ॲक्रिलिक शीटसाठी तुमच्या भागातला नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणारा गाठा. त्याच्याकडे जाड शीटचे उरलेले तुकडे पडलेले असतात आणि एका रिझर्व्हॉयरला तेवढे पुरतात. मशीनिंगसाठी साकीनाका, मरोळ, वसई पूर्व इथल्या गाळ्यांत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) असलेली वर्कशॉप मिळतात.

इंजिनिअरिंग प्लास्टिक किलोच्या भावाने विकतात. दुकानात ‘काळा डेलरिन ब्लॉक’ मागितला की काळा ब्लॉक मिळतो. तो डेलरिन असेलच असं नाही. काळा नायलॉन, काळं पीव्हीसी, काळं एचडीपीई, सगळी दिसायला भावंडं. ‘साहेब, सगळं सेमच असतं’ हे वाक्य ऐकलंत की छोटा तुकडा कापून मागा आणि घरी मिठाची चाचणी करा.

एका ग्लासात साधं पाणी घ्या. दुसऱ्यात पाणी घेऊन त्यात मीठ ढवळत राहा, तळाला न विरघळलेलं मीठ उरेपर्यंत. १०० मिली पाण्याला साधारण ३६ ग्रॅम लागतं. या संपृक्त पाण्याची घनता १.२ च्या जवळ येते. आता तुकडा टाका आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका, नाहीतर निकाल खोटा येईल.

साध्या पाण्यात तरंगला: एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन. परत करा.
साध्या पाण्यात बुडाला, मिठाच्या पाण्यात तरंगला: नायलॉन (घनता १.१४). परत करा.
दोन्हीत बुडाला: ॲसिटल (१.४१) असू शकतं, पण पीव्हीसीही असू शकतं.

शेवटच्या दोघांत फरक करायला प्लंबरकडचं पीव्हीसी सोल्युशन थेंबभर लावा आणि सुकू द्या. ॲसिटलवरून ते नखाने पापुद्र्यासारखं निघून येतं. पीव्हीसीला ते खातं आणि चिकटून बसतं. जाळून वास घेण्याची चाचणी कुणी सुचवली तर करू नका. ॲसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सोडतं आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही.

ॲक्रिलिकच्या जागी पॉलिकार्बोनेट आलंय का ते ओळखणं सोपं: अरुंद पट्टी वाकवा. ॲक्रिलिक कट्कन तुटतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. चष्मा लावून किंवा फडक्यात गुंडाळून वाकवा, तुकडा डोळ्याकडे उडतो.

५. जॉबवर्कला जाताना काय न्यायचं

वर्कशॉपमध्ये लोखंड आणि ॲल्युमिनियमची कामं चालू असतात. तुमचं प्लास्टिकचं एक नग त्यांच्यासाठी मधेच आलेलं किरकोळ काम. त्यामुळे तोंडी काही सांगू नका, सगळं कागदावर असू द्या:

– मिलिमीटरमध्ये मापं लिहिलेलं ड्रॉइंग, छापील प्रत आणि पेन ड्राइव्हवर फाइल (सपाट भागाला डीएक्सएफ, बाकीला स्टेप)
– जी १/४ चा समांतर टॅप, तुमचा स्वतःचा (कुठला ते सातव्या पायरीत)
– ज्या फिटिंग लावणार त्यातली एक, बसवून बघायला
– ओ-रिंग, प्रत्यक्ष मापायला
– वर्निअर
– मटेरियलचा एक जास्तीचा तुकडा, पहिलं भोक त्यावर पाडायला

ड्रॉइंगमध्ये दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर किमान २५ मिमी ठेवा. कागदावर फिटिंगचं भोक १३ मिमीचं दिसतं, पण फिटिंगची कॉलर २० मिमीच्या पुढे जाते आणि शेजारची फिटिंग फिरतच नाही.

ऑपरेटरला दोन गोष्टी आवर्जून सांगा. ॲक्रिलिकवर लोखंडाचं कटिंग ऑइल नको. साबणाचं पाणी किंवा नुसती हवा चालेल. आणि ड्रिल धारदार हवं, हळूहळू खाली न्यायचं, मधेमधे वर काढून चुरा झटकायचा. ॲसिटल कोरडंच छान कापलं जातं, तिथे डोकं खायची गरज नाही.

लेझर कटिंगबद्दल: ॲक्रिलिकची कड लेझरने आरशासारखी निघते म्हणून सगळे भुलतात. पण ती कड वितळून थिजलेली असते, आत ताण ठासून भरलेला. तिच्यावर अल्कोहोल किंवा चिकटवायचं द्रावण लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. बाहेरचा आकार लेझरने कापून घ्या. पाणी जाणारी भोकं आणि ओ-रिंगच्या खाचा मशीनवरच. पीव्हीसी लेझरखाली देऊच नका, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो आणि मशीनही सडतं.

६. मशीनिंगनंतर ॲक्रिलिकचा ताण उतरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मशीनवरून आलेला ॲक्रिलिकचा भाग ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेवायचा: जाडीचे मिलिमीटर भागिले ३ इतके तास, पण दोन तासांपेक्षा कमी नाही. २० मिमीच्या ब्लॉकला साधारण सात तास. मग ओव्हन बंद करून दार न उघडता थंड होऊ द्यायचं. वरची कागदाची किंवा प्लास्टिकची फिल्म आधी काढा, नाहीतर भाजून चिकटेल.

घरच्या ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. ८० म्हणता म्हणता तो ११० ला गेला तर भाग केकसारखा बसेल. ॲसिटलला याची गरज नाही.

चिकटवायचं असेल (रिझर्व्हॉयरची नळी आणि तळ, समजा) तर ते ताण उतरवल्यानंतर. ॲक्रिलिकचे कारागीर क्लोरोफॉर्म वापरतात. जोड पक्का होतो, पण वाफ घातक आहे. हे काम त्यांच्यावर सोपवा, बंद खोलीत स्वतः करू नका.

७. आटे आणि ओ-रिंग: खरी लढाई इथे

पीसी वॉटर कूलिंगच्या फिटिंगना जी १/४ आटे असतात. हे समांतर आटे: बाहेरचा व्यास १३.१६ मिमी, इंचाला १९ आटे, टॅपच्या आधी ११.८ मिमीचं भोक. नागदेवीत ‘पाव इंची बीएसपी टॅप’ मागितलात तर निमुळता टॅपही हातात पडू शकतो, कारण पाइपच्या कामाला तोच लागतो. दोघांचे आटे इंचाला तेवढेच, त्यामुळे फिटिंग सुरुवातीला बसतेही. मग पुढे ती पाचरीसारखी रुतते आणि ॲक्रिलिक बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. टॅपवर ‘समांतर’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा; अमेरिकन एनपीटी तर अजिबात नको, त्याचे आटे इंचाला १८.

याच कारणाने टेफ्लॉन टेप वापरू नका. आपल्याकडे नळाचं काहीही जोडायचं म्हटलं की हात आधी पांढऱ्या टेपकडे जातो. पण इथे पाणी आटे अडवत नाहीत, फिटिंगच्या कॉलरखालची ओ-रिंग अडवते. टेपने आटे फुगतात, ताण वाढतो आणि ओ-रिंग पुरती बसतही नाही. ज्या पृष्ठभागावर ती बसते तो भोकाभोवती किमान २० मिमी व्यासात सपाट आणि गुळगुळीत हवा. नखाला ओरखडा लागला तर तिथून गळणार असं समजा.

फिटिंग हाताने फिरवायची. ओ-रिंग टेकली की प्रतिकार जाणवतो; तिथून पाव फेरा आणि बस. ॲक्रिलिकला पाना लावायचाच नाही. थ्रेडलॉकही (आटे घट्ट धरणारा गोंद) नको, ते ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना चिरा पाडतं.

दोन प्लेट जोडताना स्क्रूचं डोकं सपाट बुडाचं घ्या आणि खाली वॉशर टाका. शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू, जो शीटमध्ये बुडून छान दिसतो, तो पाचरीचंच काम करतो. एम-४ स्क्रूला भोक ४.५ मिमीचं ठेवा. मोकळं हवं, कारण ॲक्रिलिक तापल्यावर तांब्याच्या चौपट प्रसरण पावतं आणि त्याला सरकायला जागा लागते. आवळताना समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, एक पूर्ण मग दुसरा असं नाही. बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर खणातच राहू द्या.

ओ-रिंगची खाच: २ मिमी जाडीच्या ओ-रिंगला खोली १.५ ते १.६ मिमी, रुंदी २.७ मिमीच्या आसपास. रिंग २०-२५ टक्के दबायला हवी. खोली १.९ झाली तर गळेल, १.२ झाली तर प्लेट वाकेल. मटेरियल ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) घ्या. त्याला ग्लायकोल चालतं, पण पेट्रोलियमचं काहीही चालत नाही. व्हॅसलीन, मशीनचं तेल, गंज सोडवणारा स्प्रे यांनी ते फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट. ओ-रिंग सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीसही नको.

८. नळ्या

पहिल्या लूपला मऊ नळी घ्या. त्यातही काळी ईपीडीएम. पारदर्शक पीव्हीसी नळी लवचिक राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घातलेला असतो. गरम पाण्यात तो हळूहळू बाहेर पडतो, नळी दुधी होते आणि ब्लॉकच्या खाचांत चिकट पांढरा थर बसतो. आपल्या ४५-५० अंशांच्या पाण्यात हे जास्त लवकर होतं. क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडची फिशटँकची नळी तर ०.४ बार आणि ५० अंश यांच्यासाठी बनलेलीच नसते. सिलिकॉन नळीतून पाण्याची वाफ बाहेर झिरपते, रिझर्व्हॉयरची पातळी उतरत राहते आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो.

कडक नळी हवीच असेल तर पीईटीजी की ॲक्रिलिक? पीईटीजी कापायला, वाकवायला सोपी, म्हणून नवख्यांना तीच सुचवली जाते. पण ती सुमारे ८० अंशांना मऊ पडते, आणि फिटिंगच्या ओ-रिंगखाली दाबलेली असताना ६० च्या आसपासच नमायला लागते. मुंबईच्या उन्हाळ्यात हातात उरतात जेमतेम दहा-पंधरा अंश. पंप बंद पडला तर ब्लॉकमधलं पाणी तेवढं बघता बघता तापतं, आणि नळी फिटिंगमधून निसटते. मी इथे ॲक्रिलिकच सुचवेन, कापायला बारीक दातांची करवत लागली तरी. कापलेली कड आतून-बाहेरून घासून गोल करा. धारदार कड ओ-रिंग कापते.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. दमट हवेत पडून राहिलेली ॲक्रिलिक नळी हीट गनखाली धरली की आत बुडबुडे येतात. ते शोषलेल्या ओलाव्याचे. वाकवण्याआधी नळी ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास सुकवली की प्रश्न मिटतो. नळी ओव्हनमध्ये मावत नसेल तर आधी लागेल तेवढी कापून घ्या.

९. आत काय भरायचं, बाहेरून कशाने पुसायचं

आत डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी, आणि त्यात वॉटर कूलिंगसाठीच बनवलेलं मिश्रण, बाटलीवरच्या प्रमाणात. बाटलीवर पीईटीजी किंवा ॲक्रिलिकबद्दल सूचना असेल तर ती वाचून मगच पैसे द्या. बॅटरीच्या दुकानात पाणी घेताना ‘बॅटरीचं पाणी’ म्हणजे डिस्टिल्ड वॉटर की ॲसिड हे बाटलीवर बघा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. मुंबईचं नळाचं पाणी गोडं आहे हे मान्य, पण त्यात क्लोरीन आणि थोडेफार क्षार असतातच. ते चहाला ठेवा.

बाहेरून ॲक्रिलिक पुसायचं पातळ भांडी-साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही नको. सीपीयूवरची जुनी थर्मल पेस्ट आपण अल्कोहोलनेच पुसतो, आणि तोच बोळा सहज ब्लॉकच्या पारदर्शक झाकणावरून फिरतो. पेस्ट पुसायचं काम ब्लॉक बाजूला ठेवून उरका.

१०. चाचणी

आधी हवेने. लूप पूर्ण जोडा, पाणी न भरता. लीक टेस्टर नसेल तर घरातला जुना गोल डायलचा बीपी मोजायचा पंप चालतो: २५० मिमी पारा म्हणजे ०.३३ बार. रबरी फुगा आणि डायल एका फिटिंगला नळीने जोडा, २५० पर्यंत भरा आणि अर्धा तास काटा बघा. पंखा आणि एसी बंद ठेवा, खोली थंड-गरम झाली की काटाही हलतो. सायकलचा पंप लावू नका. त्याच्या दोन झटक्यांत ॲक्रिलिकचा रिझर्व्हॉयर मर्यादेपलीकडे जाईल.

काटा टिकला की पाणी भरा. फक्त पंपाला वीज द्या, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाला नाही. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि एक दिवस चालू द्या. केस हळूच पुढे-मागे कलवून अडकलेले बुडबुडे काढा. पातळी उतरेल तसं पाणी घाला.

पहिला महिना आठवड्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च ॲक्रिलिकच्या कडेने तिरपा मारा. आट्यांभोवती चंदेरी पापुद्रे किंवा केसासारख्या रेघा चमकल्या तर ती चिरांची सुरुवात. फिटिंग आणखी आवळू नका, गोंदही लावू नका. पाणी काढून टाका आणि भाग बदला. ड्रॉइंग आणि टॅप तुमच्याकडे आहेतच. नवा भाग करताना त्या जागी काही पारदर्शक असण्याची खरंच गरज नसेल, तर या खेपेला ॲसिटलचा घ्या.